मागच्या बैठकीवरील दृष्टी

प्रवासवर्णनाची समीक्षा बहुधा 'काय पाहिले' या प्रश्नापाशी घुटमळते. फार तर पाहणाऱ्याच्या व्यक्तिमत्त्वाविषयी एखादा परिच्छेद तिला जोडला जातो. पाहणारा कोठे बसला होता, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. मोटारसायकलवरून केलेल्या प्रवासाच्या बाबतीत मात्र तो टाळता येत नाही. आगगाडीत शेजारी बसलेल्या दोघांना खिडकीतून एकच डोंगर दिसतो. मोटारसायकलवर एक जण पुढे असतो, दुसरा मागे. एकाच्या हाती वाहन असते, दुसऱ्याने केवळ धरून बसायचे असते. दोघांचा रस्ता एक, पण दृश्य एक नसते. त्यामुळे अशा प्रवासाच्या संहितेत निवेदनाचे हक्क कोणाकडे आहेत, हा प्रश्न आधी शरीराच्या पातळीवर आणि मगच वाङ्मयीन पातळीवर उभा राहतो.

रॉबर्ट पर्सिग यांचे 'झेन अँड दि आर्ट ऑफ मोटारसायकल मेन्टेनन्स' (१९७४) हे पुस्तक या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. १९६८ साली केलेल्या प्रवासावर ते आधारलेले आहे. मिनेसोटातून निघालेल्या दोन मोटारसायकली डाकोटाची मैदाने ओलांडून माँटानाच्या पर्वतांत शिरतात. एका गाडीवर निवेदक आणि त्याचा अकरा वर्षांचा मुलगा ख्रिस आहे. दुसरीवर जॉन आणि सिल्व्हिया हे जोडपे. पुस्तकाची ख्याती झाली ती त्यातील 'क्वालिटी'च्या, म्हणजे गुणवत्तेच्या, मीमांसेमुळे. बहुतेक चर्चांमध्ये जॉन आणि सिल्व्हिया यांना यंत्राविषयी अढी बाळगणाऱ्या रोमँटिक वृत्तीचे नमुने मानून त्यांची बोळवण केली जाते. निवेदकालाही तेच हवे आहे. परंतु निवेदकाला हवे ते आणि संहिता सांगते ते नेहमी एकच असते असे नाही.

जॉन आपल्या बीएमडब्ल्यू गाडीच्या दुरुस्तीला हात लावू इच्छित नाही. हँडल सैल झाले असता बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी मध्ये घालून ते घट्ट करावे, असे निवेदक सुचवतो. पत्रा मऊ, न गंजणारा आणि जाडीला नेमका असतो. पण एवढ्या किमतीच्या नव्या गाडीला डब्याचा तुकडा लावायचा, ही कल्पनाच जॉनला अपमानकारक वाटते. घरी गळणारा नळ दुरुस्त न होता तसाच गळत राहतो. त्याचा राग सिल्व्हिया नळावर काढत नाही, तो मुलांवर निघतो. या दोन प्रसंगांतून निवेदक अभिजात आणि रोमँटिक अशा दोन दृष्टींचे द्वंद्व उभे करतो. एका दृष्टीला वस्तूची अंतर्गत रचना दिसते, दुसरीला तिचे रूप.

महानुभावांच्या 'दृष्टान्तपाठा'शी परिचित असलेल्या मराठी वाचकाला ही रीत ओळखीची वाटेल. आधी दृष्टान्त येतो आणि मग त्याचा अर्थ उलगडणारे दार्ष्टान्तिक. माणसे येतात, एखादी कृती करतात आणि सिद्धान्ताला जागा करून देत बाजूला होतात. दृष्टान्तातील माणसाने दार्ष्टान्तिकाबाहेर काही उरवू नये, अशी त्या रचनेची अपेक्षा असते. पर्सिग यांच्या पुस्तकात मात्र सिल्व्हिया उरते.

प्रवासाच्या आरंभीच समोरून कामावर निघालेल्या मोटारींची रांग जाते. त्या मोटारींमधले चेहरे सिल्व्हियाच्या नजरेत राहतात. सगळे सारखेच उदास, जणू अंत्ययात्रा चालली आहे, असे ती थांबल्यावर सांगते. हे निरीक्षण निवेदकाचे नाही आणि कोणत्याही सिद्धान्ताचे उदाहरण म्हणून ते आलेले नाही. ते मागच्या बैठकीवरून आलेले आहे. पुढे बसणाऱ्याची नजर रस्त्याला बांधलेली असते. खड्डा, वळण, पुढच्या वाहनाचे अंतर हे त्याचे दृश्य. मागच्याला समोरचे फारसे दिसत नाही आणि म्हणूनच बाजूचे दिसते. सिल्व्हियाला चेहरे दिसले, हा तिच्या भावुकतेपेक्षा तिच्या स्थानाचा परिणाम होय. 'रोमँटिक' हे लेबल लावून निवेदक ज्या दृष्टीचे वर्गीकरण करतो, ती वस्तुतः बैठकीने दिलेली दृष्टी आहे.

या निरीक्षणाचे मोल निवेदकाला फार उशिरा कळते. पश्चिम किनाऱ्याच्या वर्दळीत शिरल्यावर त्याला त्या अंत्ययात्रेची आठवण होते आणि आधुनिक जीवनातील एकाकीपणाविषयीचे त्याचे विवेचन तिच्यावर उभे राहते. सिल्व्हिया तेव्हा तेथे नसते. तिची प्रतिमा राहिली, ती मात्र परत गेली.

येथे पुस्तकाच्या निवेदनपद्धतीचा विचार करावा लागतो. निवेदक आपल्या चिंतनाला 'शटॉक्वा' म्हणतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी अमेरिकेत गावोगाव तंबू ठोकून लोकशिक्षणपर व्याख्याने दिली जात. त्या प्रथेचे हे नाव. मराठी वाचकाला कीर्तनाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान ही विभागणी येथे प्रवास आणि चिंतन यांच्या आलटूनपालटून येण्यात दिसते. साम्य मात्र तेवढ्यावरच संपते. कीर्तनकारासमोर श्रोते असतात. ज्ञानदेव नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागतात, कारण त्या अवधानावाचून निरूपण पुरे होत नाही. पर्सिग यांच्या निवेदकाचे निरूपण इंजिनाच्या आवाजात, हेल्मेटच्या आत चालते. ज्यांच्याविषयी ते आहे ते दुसऱ्या गाडीवर आहेत. ज्याला त्याची सर्वांत अधिक गरज आहे तो पाठीमागे बसला आहे. त्यांच्यापैकी कोणालाही ते ऐकू येत नाही. शटॉक्वाचा श्रोता केवळ वाचक आहे.

मुक्कामी संवाद होतात, पण जॉनशी यंत्राविषयी बोलणे सुरू होताच ते तुटते, आणि निवेदक त्या तुटण्याचाही अर्थ मनातल्या मनात लावतो. जोडप्याला समजून घेण्याची त्याची तळमळ खरी आहे. त्याने त्यांना विचारलेले प्रश्न मात्र फार थोडे आहेत.

पर्वताचा भाग या संदर्भात निर्णायक ठरतो. रेड लॉजहून निघणारा बेअरटूथ मार्ग १९३६ साली वाहतुकीस खुला झाला. त्याची खिंड ३,३३७ मीटर उंचीवर आहे. यंत्रयुगापासून दूर जाऊ पाहणारे जोडपे ज्या रस्त्याने बर्फापर्यंत पोहोचते तो रस्ताही यंत्रयुगाचेच अपत्य आहे, हा उपरोध निवेदकाच्या भूमिकेला पोषकच आहे. पण खिंड ओलांडून, यलोस्टोन मागे टाकून बोझमनला पोहोचल्यावर जॉन आणि सिल्व्हिया माघारी फिरतात. यानंतर मुलासह पायी चढण सुरू होते आणि गुणवत्तेची मीमांसा सर्वांत उंच पातळीवर जाते. जोडपे गेल्याशिवाय ही उंची गाठता आली नसती, असे रचनाच सुचवते. चिंतनाला सोबत परवडत नाही.

तथापि याच भागात लेखकाने आपल्याच निवेदकाविरुद्ध साक्ष ठेवली आहे. निवेदकाचे पूर्वीचे व्यक्तित्व, म्हणजे फीड्रस, बनारस हिंदू विश्वविद्यालयात शिकलेला असतो. कैलासाच्या यात्रेला निघाल्यावर तो तिसऱ्या दिवसानंतर थकून यात्रेकरूंपासून मागे पडतो. अंगात बळ असते. पण यात्रेकरू पर्वताच्या पावित्र्यात विरून चढत होते आणि तो पर्वताला आपल्या हेतूचे साधन करीत होता. माँटानातही शिखर गाठले जात नाही. दरड कोसळण्याच्या भयाने निवेदक उतरण्याचा निर्णय घेतो आणि ख्रिस हिरमुसतो. अहंकाराच्या बळावरील चढाईची जी चिकित्सा निवेदक मुलावर लागू करतो, ती त्याच्या स्वतःच्या चिंतनालाही लागू पडते.

मराठीतही या दोन बैठकी परिचित आहेत. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'त पत्नीसह केलेला प्रवास पतीच्या निवेदनातून येतो. सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' (१९९०) हे प्रवासवर्णन नव्हे. पण त्याच सहजीवनाचे दुसऱ्या बैठकीवरून दिसलेले रूप त्यात आहे. दुसरे पुस्तक पहिल्याला खोटे ठरवीत नाही. पहिल्यात कोणती दिशा दिसत नव्हती, एवढेच दाखवते. सिल्व्हियाचे असे पुस्तक नाही. तिची बाजू निवेदकाच्या संहितेतील फटींतूनच शोधावी लागते.

पर्सिग यांच्या पुस्तकाचे मोठेपण असे की या फटी शेवटी बुजवलेल्या नाहीत. आरंभी निवेदक सांगतो, की मोटारीची काच दृश्याला चौकट घालते आणि मोटारसायकलवर ती चौकट नाहीशी होते. अखेरच्या पानांत वडील आणि मुलगा यांच्यामधील वर्षानुवर्षांची गाठ सुटते. इस्पितळाच्या काचेच्या दारापलीकडे उभ्या असलेल्या वडिलांनी ते दार उघडले का नाही, हे ख्रिसला विचारता येते. वडील खरोखर वेडे होते का, हेही तो विचारतो आणि 'नाही' हे उत्तर त्याला मिळते. नंतर हेल्मेट उतरवून दोघे निघतात. ख्रिस पावदानांवर उभा राहतो आणि वडिलांच्या खांद्यावरून त्याला प्रथमच पुढचे दिसते. एवढा सगळा प्रवास त्याने वडिलांची पाठ पाहत केला होता. चौकट नाहीशी झाली होती ती पुढे बसलेल्याची. मागच्यासाठी चालकाची पाठ हीच चौकट होती.

हे एक वाक्यही निरूपणात आलेले नाही. ते मुलाच्या तोंडी, प्रसंगातून आले आहे. शटॉक्वाने जे शेकडो पानांत सिद्ध करू पाहिले, की पाहणारा आणि पाहिलेले यांची फारकत होण्यापूर्वीच्या क्षणी गुणवत्ता असते, त्याची कसोटी येथे लागते. पाठीमागच्याला काय दिसते हे विचारल्यावाचून ती फारकत मिटत नाही. जॉन आणि सिल्व्हिया यांच्याबाबत हा प्रश्न विचारला गेला नाही. मुलाबाबत तो कसाबसा, अगदी शेवटी विचारला गेला. १९७९ साली सॅन फ्रान्सिस्कोत ख्रिसची हत्या झाली आणि १९८४ च्या आवृत्तीला जोडलेल्या उत्तरकथनात पर्सिग यांनी त्या मृत्यूविषयी लिहिले. ते वाचल्यावर खांद्यावरून पाहण्याचा प्रसंग केवळ आनंदाचा राहत नाही. किती थोडा अवधी उरला होता, याची जाणीव त्यात मिसळते.

म्हणून या पुस्तकाला तत्त्वचिंतनाला प्रवासाची वेष्टणे घालणारे लेखन म्हणणे अपुरे आहे. त्यातील प्रवास चिंतनाची परीक्षा घेतो आणि अनेकदा त्याला अनुत्तीर्ण ठरवतो. जोडप्याने केलेल्या दूरच्या, दुर्गम प्रवासाचे कोणतेही वर्णन वाचताना हा निकष उपयोगी पडावा. 'दुर्गम' म्हणजे जेथे जाणे कठीण. अशा लेखनात खिंडीची उंची आवर्जून सांगितलेली असते. पण मागच्या बैठकीपर्यंतचे हातभर अंतर त्याहून दुर्गम असू शकते, आणि ते किती कापले गेले, हे समीक्षेने पाहिले पाहिजे.