शब्दसृष्टींतील शस्त्रें : एक औचित्यविचार

काव्यांतील धनुष्यास प्रत्यंचा नसली तरी चालतें. कवीनें टणत्कार ऐकविला कीं वाचकाचें समाधान होतें. परंतु संगणकावरील ‘मड’ नामक खेळांत तेवढ्यानें भागत नाहीं. १९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ यांनीं या खेळाचा आरंभ केला व रिचर्ड बार्टल यांनीं तो पुढें वाढविला. त्यांत चित्र नाहीं. अनेक खेळाडू एकाच वेळीं आपापल्या यंत्रावर शब्द टंकून चालतात, बोलतात आणि लढतात. अशा सृष्टींत शस्त्राच्या वर्णनाबरोबर त्याचा प्रहारही कोणाला तरी लिहावा लागतो.

म्हणून येथील प्रत्येक तलवारीस दोन संहिता असतात. नांव, रूप, पात्याची झळाळी ही पहिली; ती खेळाडू वाचतो. वजन, किंमत, घावाची शक्ति ही दुसरी. ती यंत्र वाचतें. या दोहोंचा मेळ बसला आहे काय, हाच आमच्या मतें या कलेच्या परीक्षणांतील मुख्य प्रश्न होय. अकराव्या शतकांत काश्मीरच्या क्षेमेंद्रानें औचित्यास काव्याचें जीवित मानिलें. ती कसोटी येथेंही लागू पडते.

कोपनहेगन विद्यापीठांतील पांच जणांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘डिकूमड’मध्यें शस्त्र म्हणजे बहुतांशीं आंकड्यांची एक नोंद असते. घावाची हानि फांशांवर ठरते. किती फांसे व प्रत्येकास किती बाजू, एवढें लिहिलें कीं झालें. हें काम रुक्ष वाटेल, पण तसें तें नाहीं. बारा बाजूंचा एक फांसा आणि सहा बाजूंचे दोन फांसे, दोहोंची कमाल बाराच. तथापि पहिल्यांत एकापासून बारापर्यंत प्रत्येक आंकड्याचा संभव सारखा. दुसऱ्यांत छत्तीसांपैकीं सहा प्रकारांनीं सात पडतात आणि बारा केवळ एकाच प्रकारानें. पहिला अवजड, लहरी परशूस शोभेल, तर दुसरा सरावाच्या, भरंवशाच्या तलवारीस. हा भेद ज्यास उमगला, त्यास आंकड्यांतूनही शस्त्राचा स्वभाव रंगवितां येतो.

स्वीडनच्या लार्स पेन्शो यांनीं १९८९ सालीं रचलेल्या ‘एलपीमड’चा मार्ग निराळा. तेथें शस्त्र हाच एक छोटा प्रोग्रॅम असतो. आणि खेळांतील पायऱ्या चढून मांत्रिकपदास पोंचलेला खेळाडू खेळ चालू असतांनाच नवीं शस्त्रें त्यांत घालूं शकतो. त्याच्या जुन्या वस्तुसंग्रहांत ‘ऑर्क-स्लेअर’, म्हणजे ऑर्क नांवाच्या राक्षसांचा काळ, अशी एक तलवार आहे. घाव घालतांना ती प्रतिपक्ष्यास जणूं विचारते, ‘ऑर्क या नांवास तूं ओ देतोस काय?’ उत्तर होकारार्थी आलें कीं तिची शक्ति वाढते. एरव्हीं ती सामान्य तलवार. नांवानें दिलेलें वचन कृतीनें पाळलें जातें, आणि सामर्थ्यास अट असल्यामुळें तें खरें वाटतें. शिवाय ती परीक्षा रक्ताची नसून नांवाची असते! एखाद्या निरुपद्रवी प्राण्यास त्याच्या कर्त्यानें तें नांव दिलें, तर त्यालाही तोच घाव बसेल. शब्दांच्या जगांत नांव हेंच शरीर होय, याचें याहून मार्मिक उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

परंतु या अधिकारांत एक मोह आहे. आपली तलवार सर्वांहून प्रबळ व्हावी म्हणून मांत्रिक आंकडा वाढवितो, आणि एका रात्रींत इतरांनीं घडविलेलीं शस्त्रें मोडीचें लोखंड ठरतात. ज्या राक्षसास जिंकण्यासाठीं चौघांनीं एकत्र यावें, तो एकाच्या हातून क्षणांत पडतो. कवीच्या अतिशयोक्तीनें त्याचीच कविता बिघडते. येथें शेजाऱ्याची बिघडते. म्हणून अशा अनेक खेळांत शस्त्रशक्तीस मर्यादा घालण्याची व नवी वस्तु आधीं तपासून घेण्याची पद्धत पडली. त्यांत कल्पनास्वातंत्र्याचा संकोच होतो, असा आक्षेप घेण्यांत येतो. आम्हांस तो पटत नाहीं. वृत्ताच्या बंधनानें कवि मुका होत नाहीं. आंकडा वाढविण्याची वाट बंद झाली म्हणजेच कर्त्यास अट, वजन, झीज, एखादा गुप्त दोष यांचा विचार सुचतो. आणि तेथेंच शस्त्रास व्यक्तित्व येतें.

चित्रमय खेळांच्या आजच्या गर्दींत या शब्दमय खेळांकडे वळणारे थोडे. तरी साहित्य आणि संगणकविद्या या दोहोंची गोडी असलेल्या तरुणांनीं त्यांतील चार शस्त्रांच्या दोन्ही संहिता शेजारीं ठेवून अवश्य वाचाव्या. विशेषण कोठें खरें ठरलें आणि कोठें नुसतेंच चमकलें, हें तेथें लढाई करूनच पाहतां येतें.