ट्रॉलपचे घड्याळ

अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार १८३४ पासून १८६७ पर्यंत टपालखात्यात नोकरीस होता. पहाटे साडेपाचला लेखनास बसावयाचे आणि घड्याळ समोर ठेवून दर पाव तासास अडीचशे शब्द लिहावयाचे, हा त्याचा नेम. मृत्यूनंतर १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रातून तो उघड झाला, आणि अनेक रसिकांनी नाके मुरडली : ही कला की कारकुनी? परंतु पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचे लिखाण वाचून शब्दांचा नाद कानाने पारखीत असे, हे विसरून चालणार नाही. शिस्तीचे मर्म तेथे आहे. नुसत्या शब्दमोजणीने वही भरते, वाङ्मय होत नाही. कचेरीपायी लेखन राहिले, ही आम्हां कारकुनांची सबब मात्र या पुस्तकाने कायमची हिरावून घेतली आहे.