ओवीचा दुसरा आवाज

साहित्यकृतीचा अर्थ वाचणाऱ्याच्या मनात पुरा होतो, हा विचार मराठी समीक्षेत पुष्कळदा रोलाँ बार्थ यांच्या ‘लेखकाचा मृत्यू’ या 1967 मधील निबंधाच्या आधाराने मांडला जातो. वास्तविक नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वनीचा, म्हणजे शब्दांनी थेट न सांगता सुचवलेल्या अर्थाचा, सिद्धान्त मांडला तेव्हाच तो अर्थ जाणणारा ‘सहृदय’ त्याने गृहीत धरला होता. हा सहृदय मात्र काव्याच्या अभ्यासाने घडलेला रसिक आहे. बीड जिल्ह्याच्या वाङ्मयपरंपरेत अर्थाचा खरा वाटेकरी श्रोता आहे, आणि समीक्षेने त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही.

अंबाजोगाईशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ (परंपरेनुसार शके 1110, म्हणजे इ. स. 1188) गुरुशिष्यसंवादाच्या रूपात असल्याने, ऐकणाऱ्याच्या शंकेला त्यात ग्रंथातच जागा मिळाली आहे. त्याच गावच्या दासोपंतांनी (1551–1615) पंचीकरण, म्हणजे पाच महाभूते एकमेकांत मिसळून सृष्टी कशी होते याचे विवेचन, सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद पासोडीवर लिहिले. एवढे कापड मांडीवर घेऊन एकट्याने वाचता येत नाही. ते अंथरावे लागते, भोवती माणसे लागतात, एकाने वाचावे आणि इतरांनी विचारावे अशीच त्याची घडण आहे. आज ही पासोडी श्रद्धेने जपलेली असली तरी तिचे दर्शन घेणारे पुष्कळ आणि तिच्यातील ओव्यांशी झटणारे थोडे, ही स्थिती खेदाची आहे, कारण ज्या ग्रंथाला कोणी प्रश्न विचारत नाही त्याचा अर्थ वाढायचा थांबतो.

याउलट जात्यावरच्या ओवीत कर्ती आणि श्रोती यांच्यातील भिंतच नसते. एकीने ओळ उचलावी, खुंट्याला हात लावून समोर बसलेल्या दुसरीने ती झेलावी, भावाच्या नावाच्या जागी आपल्या भावाचे नाव घालावे, आणि घास टाकताना पुढची ओळ नव्याने जुळवावी, असा हा व्यवहार आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने झालेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या असून, त्यात माजलगावच्या भीमनगरातील बायांनी बाबासाहेबांवर आणि बुद्धांवर गायिलेल्या ओव्याही आहेत. रामसीतेच्या आणि माहेरच्या ओवीचा जुनाच साचा घेऊन त्यांनी त्यात आपला नवा धर्म आणि आपला माणूसपणाचा हक्क बसवला. परंपरेचे हे वाचन कोणत्याही टीकाग्रंथापेक्षा धीट आहे.

छापील संग्रहात ओवी सहसा एकाच गायिकेच्या नावावर नोंदली जाते, हे तिच्या कर्तृत्वाच्या दृष्टीने न्याय्यच आहे. परंतु पिठाच्या गिरण्यांनी जाते मागे पडल्यावर आठवून गायिलेल्या या ओव्यांत, समोर बसून ओळ झेलणारीचा आवाज ध्वनिफितीवर जेवढा ऐकू येतो तेवढा कागदावर उतरत नाही.