‘ची’ मोजायची कशात?

भाईंदर पूर्वेला स्टेशनाबाहेर पडले की भिंतींवर, विजेच्या खांबांवर आणि रिक्षांच्या पाठीवर ज्या जाहिराती दिसतात, त्यांत क्लासेस, भाड्याच्या खोल्या आणि उपचारकेंद्रे यांचाच भरणा असतो. उपचारकेंद्रांच्या पत्रकांची भाषा साधारण ठरलेली आहे. शरीरात ‘ची’ नावाची जीवनऊर्जा वाहते. तिचा प्रवाह अडला की रोग होतो. सुईने, बोटाच्या दाबाने किंवा नुसत्या तळहाताने अडथळा दूर केला की माणूस बरा होतो. चीनमध्ये हे पाच हजार वर्षांपासून माहीत होते आणि आता विज्ञानानेही ते सिद्ध केले आहे. ही पत्रके विद्यार्थ्यांच्या हातीही पडतात. वर्गात नववीचे ‘कार्य आणि ऊर्जा’ हे प्रकरण चालू असते आणि एखादी चौकस मुलगी विचारते, “सर, ही ऊर्जा किती ज्यूल असते?”

प्रश्न बिनतोड आहे. “सगळे थोतांड आहे, खाली बस” असे म्हणून तो मिटवता येतो. “आपल्या पूर्वजांना आणि चिनी पूर्वजांना सगळे ठाऊक होते” असे म्हणूनही मिटवता येतो. आम्हाला ही दोन्ही उत्तरे आळशीपणाची वाटतात. आमचा आक्षेप पत्रकातील ‘ची’ या शब्दावर नाही. ‘ऊर्जा’ या शब्दावर आहे. ‘ची’चे भाषांतर ऊर्जा असे केल्याने चिनी तत्त्वज्ञानावर अन्याय होतो आणि भौतिकशास्त्रावरही, असे आमचे म्हणणे आहे.

आधी मूळ शब्द पाहू. त्याचा चिनी उच्चार ‘छी’ला जवळचा आहे. मराठीत तो नाक मुरडताना निघतो, म्हणून आपण ‘ची’ लिहितो हे ठीकच. या शब्दाचे जुने अर्थ वाफ, ढग, धुके, श्वास असे आहेत. पारंपरिक लिपीत त्याचे चिन्ह वाफ आणि तांदूळ या दोन चिन्हांचे मिळून बनते. आजही चिनी माणूस हवामानाला ‘थ्येन-छी’ म्हणजे आकाशाची ची म्हणतो, हवेला ‘खुंग-छी’ म्हणतो आणि राग येण्याला ‘शंग-छी’ म्हणतो. चिनी रसायनशास्त्राच्या पुस्तकात वायूला ‘छी-थी’ म्हणतात. हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन या वायुरूप मूलद्रव्यांच्या चिन्हांवर ‘ची’चे चिन्ह छपरासारखे बसवलेले असते. आणि भौतिकशास्त्रातील ऊर्जेला चिनी शाळेत काय म्हणतात? ‘नंगल्यांग’. हा शब्द अगदी वेगळा आहे, त्यात ‘ची’ कोठेच नाही. ज्यांचा शब्द आहे त्यांनीच तो ऊर्जेसाठी वापरला नाही. आपण मात्र बेधडक वापरतो. जाता जाता आणखी एक सांगायला हवे. ‘ताय ची’ या व्यायामप्रकाराच्या नावातील ‘ची’ हा शब्दच निराळा आहे. त्याचा अर्थ ‘पराकोटी’ असा आहे. रोमन लिपीतील जुन्या लेखनामुळे दोन्ही सारखे दिसू लागले, एवढेच.

चिनी विचारवंतांनी या वाफेतून केवढे विचारविश्व उभे केले, हे विज्ञानशिक्षकाने जाणून घेण्यासारखे आहे. इसवी सनापूर्वी ७८० मध्ये चीनमध्ये भूकंप झाला. दरबारातील पो यांगफू याने त्याचे कारण सांगितले ते असे : यांग प्रकारची ची खाली दबली गेली, यिनने तिची वाट अडवली, म्हणून जमीन हलली. त्याला जोडून राज्य बुडण्याचे भाकीत त्याने केलेच. तरी भूकंपाचे कारण त्याने देवाच्या कोपात न शोधता निसर्गातच शोधले, हे लक्षात घ्यावे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील मेन्शियस याच्या लेखी ची ही नीतीची बाब होती. विशाल, ओसंडून वाहणारी ची न्यायाने वागत राहिल्यानेच वाढते, असे तो मानी. झ्वांगझी या ग्रंथात जन्म म्हणजे ची एकवटणे आणि मृत्यू म्हणजे ती विखुरणे, असा विचार येतो.

याच विचाराचे हत्यार करून इसवी सनाच्या पहिल्या शतकात वांग छुंग याने भुताखेतांवर हल्ला चढवला. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा : पाणी गोठून बर्फ होतो, तशी ची गोठून माणूस होतो. बर्फ वितळला की पुन्हा पाणीच उरते; बर्फाचे भूत होत नाही. मग माणसाचे कसे होईल? विझलेली आग पुन्हा आपण होऊन पेटत नाही, मग मेलेला माणूस जाणीव घेऊन कसा फिरेल? पुढे अकराव्या शतकात चांग त्साय (१०२०–१०७७) याने हाच बर्फाचा दाखला विश्वाला लावला. पोकळी रिकामी नाही. ती विरलेल्या चीने भरलेली आहे, आणि वस्तू म्हणजे तिचे तात्पुरते गोठणे, असे त्याने मांडले. आजच्या पत्रकांत जी ची गूढतेचे वलय घेऊन येते, ती वांग छुंगच्या हाती अंधश्रद्धेविरुद्धचे साधन होती, हे आमच्या मते फार महत्त्वाचे आहे.

अर्थात हे भौतिकशास्त्र नव्हते. यात मापन नाही, समीकरण नाही, चुकीचे ठरू शकेल असे नेमके भाकीत नाही. पण त्या काळच्या साधनांनी निसर्गाचा एकसंध विचार करण्याचा हा मोठा प्रयत्न होता. फरक नेमका कोठे आहे हे वर्गात दाखवायला भाईंदरइतके सोयीचे गाव नाही. मिठागर कसे चालते ते येथील जुन्या पिढीला समजावून सांगावे लागत नाही. कोंड्यात खाडीचे पाणी येते, ऊन लागते, पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. उडून जाणाऱ्या वाफेला जुना चिनी पंडित ची म्हणाला असता. भौतिकशास्त्र दुसरीच गोष्ट विचारते : एक किलो पाण्याची वाफ करायला उन्हाने किती खर्च केला? उत्तर आहे सुमारे २,४०० किलोज्यूल. वाफ म्हणजे ची. वाफ करण्यासाठी लागली ती ऊर्जा. एक कल्पना पदार्थाची आहे, दुसरी हिशेबाची.

मग ची ‘ऊर्जा’ कधी झाली? जॉर्ज सूलिए द मोराँ हे फ्रेंच गृहस्थ चीनमध्ये राजनैतिक नोकरीत होते. परत आल्यावर त्यांनी युरोपात ॲक्युपंक्चरचा प्रसार केला. १९३९ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात ‘ची’साठी फ्रेंचमधील ऊर्जेचा शब्द आला आणि तोच जगभर रूढ झाला. विज्ञानेतिहासकार जोसेफ नीडहॅम यांना नुसती ‘ऊर्जा’ पुरेशी वाटली नाही. ‘द्रव्य-ऊर्जा’ असा जोडशब्द त्यांनी वापरून पाहिला. चिनी वैद्यकाचे जर्मन अभ्यासक पॉल उनशुल्ड यांनी तर या भाषांतरावर स्पष्टच टीका केली. मूळ ग्रंथांत ची हे सूक्ष्म द्रव्य आहे, वाफेसारखे आहे. तिला ऊर्जा म्हणणे म्हणजे आजची कल्पना कालच्या माणसाच्या तोंडी घालणे होय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. चिनी वैद्यकाचा आद्य ग्रंथ ‘ह्वांगदी नेयचिंग’ हाही साधारण दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झाला. पत्रकातील पाच हजारांचा आकडा भाषांतराइतकाच सैल आहे.

आता ऊर्जेकडे वळू. ही कल्पना एका डॉक्टरच्या निरीक्षणातून पुढे आली, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो. रॉबर्ट मायर हा जर्मन डॉक्टर १८४० मध्ये जहाजावरून जावाला गेला. तेथे खलाशांच्या शिरेतून काढलेले रक्त त्याला नेहमीपेक्षा लालभडक दिसले. उष्ण प्रदेशात शरीराला ऊब राखण्यासाठी कमी अन्न जाळावे लागते, म्हणून रक्तातील ऑक्सिजन कमी खर्च होतो, असा त्याने तर्क केला; आणि उष्णता व कार्य एकमेकांत बदलतात, हा विचार १८४२ मध्ये प्रसिद्ध केला. १८९४ मध्ये माक्स रुबनर याने कुत्र्याला उष्णतामापकात ठेवून दाखवले, की अन्नातून मिळायला हवी तेवढीच उष्णता शरीराबाहेर पडते. फरक एक टक्क्याच्याही आत होता. पुढे अमेरिकेत ॲटवॉटर आणि रोझा यांनी माणसांवर तसेच प्रयोग केले आणि जमाखर्च तसाच जुळला. दिवसाला २,००० किलोकॅलरी अन्न खाणारा माणूस सरासरी ९७ वॅट दराने ऊर्जा वापरतो, म्हणजे जुन्या पिवळ्या शंभरच्या बल्बइतका. या वहीत प्रत्येक पैशाचा हिशेब लागतो. जीवनऊर्जा नावाची आणखी एखादी ऊर्जा वाहत असेल, तर ती कोणत्या रकान्यात लिहायची?

येथे हमखास येणारा आक्षेप असा, की “सुयांनी माझी कंबर थांबली, त्याचे काय?” हा अनुभव खोटा म्हणण्याचे कारण नाही. पण आराम पडणे ही एक गोष्ट आणि आरामाचे दिलेले कारण खरे असणे ही दुसरी. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर, ठरलेल्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के रुग्णांना आराम पडला. बिंदू सोडून भलतीकडे, वरवर सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्क्यांना. सुयांनी बरे वाटले हे खरेच. पण बिंदू बरोबर की चूक याने फारसा फरक पडला नाही. इतर चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात योग्य जागी टोचलेल्या सुयांना थोडे झुकते माप मिळते. तेवढे मान्य केले तरी त्यावरून मज्जातंतूंचा आणि मेंदूचा शोध घ्यावा लागेल. चीची वाहिनी सिद्ध होत नाही. अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांची १९७१ ची गोष्टही अशीच फुगवून सांगितली जाते. त्यांचे अपेंडिक्स पेकिंगमध्ये काढले ते नेहमीचे बधिरीकरणाचे इंजेक्शन देऊन. सुया टोचल्या त्या नंतर, पोटातील अस्वस्थतेसाठी.

चिनी वैद्यकाचा विषय निघाला की मराठी माणसाला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात, आणि त्यांचे नाव या उपचारांशी सरसकट जोडले जाते. म्हणून स्पष्ट करायला हवे. मुंबईत शिकलेले कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले; तेथे त्यांचे काम शस्त्रक्रियेचे होते. त्याच पथकातील कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू यांनी मात्र पुढे पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून ते भारतात आणले. आपल्या राज्यात तर २०१५ चा महाराष्ट्र ॲक्युपंक्चर उपचारपद्धती कायदा आहे. कायद्याने व्यवसायाची नोंदणी होते, शिस्त लागते, ती लागावीही. पण भौतिकशास्त्राचे नियम विधिमंडळात मंजूर होत नाहीत.

वर्गात काय करावे? पत्रक फाडू नये, फळ्यावर लावावे. मुलांना तीन प्रश्न शिकवावेत : ही ऊर्जा कोणत्या एककात मोजली? ती येथे वाढली तेव्हा दुसरीकडे कोठे घटली? आणि ती नसती तर काय वेगळे दिसले असते? त्यानंतर एमिली रोझा या अमेरिकन मुलीचा प्रयोग करावा. नऊ वर्षांच्या या मुलीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याचा पडदा उभा केला. माणसाभोवतीची ऊर्जा हाताला जाणवते असे म्हणणाऱ्या उपचारकांना पडद्याच्या भोकांतून दोन्ही हात पुढे ठेवायला सांगितले. नाणे उडवून ठरेल त्या हाताच्या वर आठ-दहा सेंटिमीटरवर ती आपला हात धरी आणि विचारी, “कोणता?” २१ उपचारकांच्या २८० प्रयत्नांत १२३ उत्तरे बरोबर आली. डोळे मिटून अंदाज केला असता तर साधारण १४० आली असती. हा प्रयोग १९९८ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापला गेला. त्याला लागणारे साहित्य – पुठ्ठा, कात्री, नाणे – कोणत्याही शाळेत आहे.

हा केवळ शब्दांचा कीस नाही. कंबरदुखीत शब्दाच्या चुकीची किंमत थोडी असेल. पण मधुमेही मुलाचे इन्सुलिन “ऊर्जेचा प्रवाह सुरळीत झाला” म्हणून थांबवले, तर ती किंमत जीव देऊन चुकवावी लागते. उपचारकेंद्रात जाणाऱ्या पालकाला शिक्षक अडवू शकत नाही. मात्र त्या पालकाच्या मुलीला तो नेमका प्रश्न विचारायला शिकवू शकतो, आणि घरात तो प्रश्न पुष्कळदा शिक्षकापेक्षा अधिक वजनाने विचारला जातो. त्याबरोबरच वांग छुंगचा बर्फही तिला जरूर सांगावा. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो माणूस ‘ची’च्या आधारे भूत नाही म्हणत होता, हे कळले की जुन्याचा आदर करणे आणि जुन्याला प्रश्न विचारणे यांत भांडण नाही, हे तिला वेगळे शिकवावे लागणार नाही.