मुद्रित पाठ आणि व्हीएलसी

दूरदर्शनवरचा एखादा चांगला विज्ञान कार्यक्रम नेमका शाळेच्या वेळेबाहेर लागतो. सेट टॉप बॉक्सला पेनड्राइव्ह लावून तो मुद्रित करता येतो, पण दुसऱ्या दिवशी शाळेतला संगणक ती फाइल लावायला तयार नसतो. लंबकावरचा एक पाठ आम्ही असाच मुद्रित केला. विंडोजबरोबर येणाऱ्या प्लेअरने नुसता आवाज ऐकवला. चित्र एमपेग-२ पद्धतीने दाबलेले होते आणि ते उलगडणारा भाग २०१२ च्या विंडोज ८ मध्ये मूळ संचातून वगळला गेला. व्हीएलसी या मोफत आज्ञावलीने मात्र तीच फाइल काही कुरकुर न करता लावली.

हा सोशिकपणा जन्मजात आहे. पॅरिसच्या एकोल सेंत्राल या अभियांत्रिकी संस्थेतील विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये वसतिगृहाच्या जाळ्यावरून चित्रवाणी पाहण्यासाठी हे काम हाती घेतले. २००१ पासून ते सर्वांना खुले आहे. जाळ्यावर माहितीचे तुकडे वाटेत हरवतात, हे गृहीत धरूनच ते लिहिले गेले.

बॉक्सने मुद्रित केलेली फाइल म्हणजे आकाशातून आलेला प्रवाह, जवळजवळ जसाच्या तसा. त्यात १८८ बाइटांची पाकिटे एकामागोमाग असतात. पहिल्या ४ बाइटांत ओळखखूण, पाकीट चित्राचे की आवाजाचे हे सांगणारा क्रमांक आणि ० ते १५ असा फिरता अनुक्रमांक असतो. प्रेक्षक कोणत्याही क्षणी वाहिनी लावणार, म्हणून पुस्तकासारखी अनुक्रमणिका सुरुवातीला नसते. त्यामुळेच वेळेची पट्टी ओढली की व्हीएलसी अंदाजाने उडी मारते आणि कधी चुकते. हे आम्ही सहज माफ करतो.

माफ करवत नाही ती गोष्ट वेगळी. आम्ही मुद्रण करत असताना पावसाची जोरदार सर आली आणि काही पाकिटे गेली. वर्गात पाठ लावला तेव्हा चित्र क्षणभर चौकटी-चौकटींचे झाले, पुन्हा नीट चालू लागले. कोणाला काही वाटले नाही. नंतर वह्या तपासताना दिसले, की दोन मुलांनी ‘लंबकाचा आवर्तकाल गोळ्याच्या वस्तुमानावर अवलंबून असतो’ असे लिहिले आहे. निवेदकाच्या वाक्याच्या शेवटचा ‘नाही’ नेमका पावसात गेला होता!

फिरत्या अनुक्रमांकामुळे पाकीट गळाल्याचे व्हीएलसीला कळते. ‘टूल्स’मधील ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडून ‘स्टॅटिस्टिक्स’वर गेले, तर गळतीचे आकडे दिसतात. पण वर्ग चालू असताना तिथे कोण जाणार? वेळेच्या पट्टीवर त्या जागी एक लाल रेघ उमटली असती तर पुरे होते. सिनेमा पाहणाऱ्याला अशी रेघ त्रासदायक वाटेल, हे खरे. पण शिक्षकाला ती हवी.

व्हीएलसी आणखी एक गोष्ट झाकते, तिचा मात्र उपयोग करून घेता येतो. अशा प्रक्षेपणात सेकंदाला २५ चित्रे असतात आणि प्रत्येक चित्र सम व विषम ओळींच्या दोन अर्धुकांचे असते. कॅमेऱ्यानेही तसेच टिपले असेल, तर दोन अर्धुकांत १/५० सेकंदाचे अंतर पडते. हलत्या वस्तूच्या कडेला त्यामुळे कंगव्यासारखे दाते दिसतात. व्हीएलसी ते सहसा आपणहून पुसते. ‘डी’ ही कळ दाबून पुसणे थांबवा, चित्र स्थिर करा आणि दाते मोजा. १ मीटर लांबीचा लंबक मध्यापासून १० सेंटिमीटर ओढून सोडलेला असेल, तर मध्यातून जाताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३१ सेंटिमीटर असतो, म्हणजे दाते प्रत्यक्षात ६ मिलिमीटरच्या आसपास भरायला हवेत. नववी-दहावीच्या मुलांना हे मोजमाप फार आवडते.

दुसऱ्या एका बॉक्सवर केलेले मुद्रण मात्र व्हीएलसीलाही उघडता आले नाही. त्या बॉक्सने फाइलला स्वतःचे कुलूप लावले होते. ती फक्त त्याच बॉक्सवर चालते. विनामूल्य प्रक्षेपित झालेल्या पाठाला कुलूप कशासाठी, हे आम्हाला समजलेले नाही. शाळेसाठी बॉक्स घेताना दुकानातच एक मिनिट मुद्रण करावे आणि तो पेनड्राइव्ह तिथल्या संगणकावर लावून पाहावा.