'नुसतं प्लास्टर' म्हणण्याआधी

छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, बीबी का मकबरा पाहताना आपली दोन वाक्यं ठरलेली असतात. 'ताजमहालाची नक्कल' हे पहिलं आणि 'वर नुसतं प्लास्टर आहे' हे दुसरं. आज आपल्याला त्या 'नुसतं' शब्दाशी भांडायचं आहे.

औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही कबर सतराव्या शतकातली. भिंतींचा खालचा पट्टा आणि घुमट संगमरवरी. मधल्या भिंती मात्र दख्खनच्या काळ्या दगडाच्या, वर घोटलेला चुना आणि त्यातच उठवलेली वेलबुट्टी. ताजशी साम्य उघड आहे. मिनार इमारतीला फार खेटून उभे आहेत, ही टीकाही आपल्याला मान्य. पण चुना वापरला म्हणून काम हलकं, हे कसं?

हा निकाल आधी भाषेनेच दिलेला आहे. 'चुना लावणे' म्हणजे फसवणे, 'मुलामा' म्हणजे आतलं हिणकस झाकणे! खरं तर संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. चुनखडी भाजून, विझवून भिंतीवर चढवली की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तीही हळूहळू पुन्हा तेच होते. म्हणजे द्रव्य एकच, हात वेगळे. पाथरवट दगड काढत जातो, चुन्याचा कारागीर भर घालत जातो, तेही ओल आहे तोवर. त्याचं काम जोखायचं तर उठाव पाहा, कडा पाहा, घोटाई पाहा.

यासाठी आपल्याकडे शब्द होते. 'गिलावा'मध्ये फारसी 'गिल', म्हणजे माती आहे. 'गच्ची'मध्ये 'गच', म्हणजे चुना. आज दोन्हींना आपण 'प्लास्टर'च म्हणतो. यात बिघडतं काय? 'प्लास्टर पडलंय, करून टाका' म्हटलं की सिमेंट येतं. सिमेंट भिंतीतली ओल कोंडून ठेवतं आणि शेजारचा जुना चुनाही सुटू लागतो. पेशवाईतल्या कितीतरी देवळांच्या शिखरांवर चुन्याच्या मूर्ती आहेत. त्यांच्या दुरुस्तीतही हाच धोका आहे.

तेव्हा पुढच्या वेळी मकबऱ्यासमोर, किंवा आपल्याच गावच्या देवळासमोर, एवढंच करू या: 'प्लास्टर' न म्हणता 'चुन्यातलं नक्षीकाम' म्हणू या. निदान दुरुस्तीला आलेला माणूस विचारेल तरी, चुना कुठून आणायचा?