‘अग्निपंख’मधील नववा उमेदवार

पुस्तक निघून पाव शतक लोटल्यावर त्याची चर्चा पुन्हा करावयाची, तर त्यास काही कारण हवे. आमचे कारण घरगुती आहे. आमच्या आप्तांपैकी एक मुलगा वैमानिक होण्याच्या इच्छेने हवाई दलाच्या निवड मंडळापुढे गेला. लेखी परीक्षा, गटातील कामे, मुलाखत हे सर्व पार पडले. आणि अखेरच्या टप्प्यावर, उमेदवाराच्या अंगी उड्डाणाची उपजत पात्रता आहे की नाही हे पाहणाऱ्या यंत्रावरील चाचणीत, तो नापास होऊन परत आला. आठवड्याच्या आत त्यास ‘अग्निपंख’च्या तीन प्रती भेट मिळाल्या. एक मामांनी दिली, एक शाळेतील बाईंनी, एक शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी. तिघांचाही हेतू निर्मळ होता, आणि तिघांनीही त्याच एका प्रसंगाकडे बोट दाखविले. तेव्हा तो प्रसंग आम्ही पुन्हा नीट वाचला, आणि त्यासंबंधी चार शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटले.

डॉ. कलाम ह्यांचे हे आत्मचरित्र अरुण तिवारी ह्यांच्या सहकार्याने 1999 साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. माधुरी शानभाग ह्यांनी केलेल्या अनुवादामुळे ते मराठी घराघरांत पोहोचले. प्रसंग 1958 चा आहे. नुकताच पदवीधर झालेला हा रामेश्वरचा तरुण दोन ठिकाणी मुलाखतीस जातो, एक दिल्लीस आणि दुसरी डेहराडूनास. मन गुंतलेले असते ते डेहराडूनच्या हवाई दलाच्या मंडळात. पंचवीस उमेदवारांतून आठ घ्यावयाचे होते. कलामांचा क्रमांक नववा आला. खिन्न मनाने ते हृषीकेशास जातात, गंगेत स्नान करतात आणि स्वामी शिवानंदांच्या आश्रमात आपले दुःख सांगतात. वैमानिक होणे तुझ्या ललाटी नाही, जे आहे त्याचा शोध घे, अशा आशयाचा उपदेश त्यांना मिळतो. ते दिल्लीस येतात, तेथील नेमणूक स्वीकारतात, आणि कथा पुढे चालू लागते.

हा प्रसंग चांगला उतरला आहे, ह्यात शंका नाही. त्याचे मुख्य बळ प्रांजळपणात आहे. आपण नववे आलो, हे सांगताना लेखक कोणावरही दोष ठेवीत नाही. मंडळाचा भर बुद्धीपेक्षा व्यक्तिमत्त्वावर अधिक होता, एवढेच तो नोंदवितो. थोरांच्या आत्मचरित्रांत अपयश बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी दुष्टपणामुळे पदरी पडते. येथे तसे नाही. परंतु आमची तक्रार आहे ती ह्या प्रसंगाच्या वेगाविषयी. डेहराडूनाहून हृषीकेश गाठावयास लेखकास फार थोड्या ओळी पुरतात. मंडळापुढे प्रत्यक्ष काय घडले, काय करावयास सांगितले, हात कोठे अडखळला, ह्यांपैकी काहीही वाचकाच्या हाती लागत नाही. जो माणूस पुढे अग्निबाणाच्या एकेका भागाचे वर्णन तन्मयतेने करतो, तो आपल्या तरुणपणीच्या सर्वांत मोठ्या परीक्षेविषयी इतका मितभाषी का व्हावा? आम्हांस वाटते, उत्तर पुस्तकाच्या रचनेत आहे. ते लिहिले गेले तेव्हा अग्निबाण उडाले होते, पोखरण झाले होते, भारतरत्न लाभले होते. शिखरावरून मागे पाहणाऱ्यास पायथ्याची ठेच म्हणजे वाटेचे एक वळण भासते. ज्यास ठेच आजच लागली आहे, त्यास ते वळण दिसत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आठांच्या यादीत नववा येणे म्हणजे अपात्र ठरणे नव्हे. जागा नऊ असत्या तर तो तरुण अधिकारी झाला असता. आमच्या आप्ताचे तसे नाही. त्यास जागा होती, पण यंत्राने ‘नाही’ म्हटले. हे दोन निकाल भिन्न जातीचे आहेत, आणि एकाचे सांत्वन दुसऱ्यास लागू पडत नाही. तीन प्रती देणाऱ्या तिघा सज्जनांपैकी कोणाच्याही हे ध्यानी आले नाही. दोष त्यांचा थोडा, त्या प्रसंगाच्या मोघमपणाचा अधिक.

ही चाचणी तरी काय असते? पूर्वी तिला पीएबीटी म्हणत. आता तिची जागा सीपीएसएस ह्या संगणकावरील पद्धतीने घेतली आहे. जुन्या चाचणीत आधी एक लेखी भाग असे. उंची, वेग, दिशा, क्षितिज, वळण, चढउतार दाखविणाऱ्या तबकड्यांची चित्रे पाहून विमानाची स्थिती ओळखावयाची. मग यंत्रापुढे बसावयाचे: हातात दांडा, पायांखाली पट्ट्या, समोर पडद्यावर सरकणारा प्रकाशाचा ठिपका. तो मध्यभागी धरून ठेवावयाचा, आणि त्याच वेळी दिवा लागला किंवा आवाज झाला तर दुसऱ्या हाताने त्यास उत्तर द्यावयाचे. आपल्याकडे गाण्याचे अंग म्हणतात, तसे हे उड्डाणाचे अंग पाहणे होय. आणि नियम असा, की ही परीक्षा जन्मात एकदाच. लेखी परीक्षेस वयाच्या मर्यादेत पुन्हा बसता येते, मंडळापुढेही पुन्हा जाता येते. पण येथे एकदा नापास झालेल्यास वैमानिकाचा दरवाजा कायमचा बंद होतो.

अमेरिकेच्या नौदलात ह्याच जातीची परीक्षा मधे ठराविक दिवस सोडून जन्मात तीनदा देता येते. तेथे उमेदवाराच्या कानांवर श्रवणयंत्र चढवितात. दोन्ही कानांत निरनिराळी अक्षरे व आकडे पडत असतात, त्यांतील एकाच कानाचे ऐकावयाचे, आणि ते ऐकत असता दोन्ही हातांनी पडद्यावरील विमानांचा पाठलाग करावयाचा. पहिल्या खेपेस गांगरलेला मुलगा दुसऱ्या खेपेस सावरतो, हे उघड आहे. मग आपला नियम निष्ठुर म्हणावा काय? आम्हीही प्रथम तसेच म्हणत होतो. परंतु ह्या विषयातील जुने संशोधन वाचल्यावर आमचा आवाज थोडा खाली आला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने, निव्वळ प्रयोग म्हणून, हजाराहून अधिक तरुणांस गुण न पाहता वैमानिकाच्या शिक्षणास घेतले. त्यांतील बहुतेक गळाले, आणि ज्यांचे गुण तळाचे होते त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीही टिकले नाही. अशा चाचण्या म्हणजे निव्वळ सोंग नव्हे, हे मान्य करणे भाग आहे. पुढे 1954 साली फ्लाइशमन व हेम्पेल ह्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी दांडा व पट्ट्यांच्या तशाच एका यंत्रावर उमेदवारांकडून पुनःपुन्हा सराव करून घेतला. त्यांना असे आढळले, की आरंभीच्या गुणांत दिशेची व अवकाशाची जाण अधिक दिसते. सराव वाढतो तसतसा तिचा वाटा कमी होऊन हाताच्या चलाखीचा व त्या विशिष्ट यंत्राच्या परिचयाचा वाटा वाढतो. अर्थात हात बसल्यावर यंत्र जे मोजते ते पहिल्या दिवशी मोजलेले नव्हे. गवयास हे निराळे सांगावयास नको: अंग आणि रियाज ह्या दोन गोष्टी, आणि परीक्षकाचा कान पहिल्याच षड्जावर कोणती ऐकतो हे महत्त्वाचे.

तथापि ह्यातूनच दुसरी बाजूही निघते. ज्याने बालपणापासून पडद्यावर विमाने उडविण्याचे खेळ खेळले, तो पहिल्याच दिवशी हात बसवून येतो. ज्याच्या घरी ते नव्हते तो कोराच बसतो. परीक्षा एकदाच असली, तरी दोघांची ती पहिली खेप सारखी नसते. ह्या अंतराविषयी कोणी बोलत नाही. परीक्षेची मार्गदर्शक म्हणून जी पुस्तके बाजारात विकली जातात, त्यांत तबकड्यांची चित्रे असतात, आत्मविश्वासावर एक प्रकरण असते, आणि सरावाने सर्व साध्य होते असा हवाला असतो. एक वाङ्मय म्हणते की सर्व काही सरावात आहे. दुसरे म्हणते की सर्व काही ललाटी आहे. आमच्या आप्ताने पहिल्या प्रकारची चार पुस्तके परीक्षेपूर्वी वाचली आणि दुसऱ्या प्रकारची तीन नंतर त्यास मिळाली. ठिपका निसटू लागला त्या मिनिटात बोटांना काय होते, हे त्याला सातांपैकी एकाही पुस्तकाने सांगितले नाही. ते त्याने आम्हांस सांगितले: ठिपक्याच्या मागे धावू लागले की तो अधिकच पळतो, आणि हे कळेपर्यंत वेळ संपलेली असते. ह्या एका वाक्यात त्या सात पुस्तकांहून अधिक ज्ञान आहे, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

डॉ. कलाम ह्यांनी ही हकीकत 2013 च्या ‘माय जर्नी’त पुन्हा सांगितली. तत्पूर्वी, 8 जून 2006 रोजी, राष्ट्रपती असताना व वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ते पुण्याच्या लोहगावाहून सुखोई विमानात बसून आकाशात गेले. त्या दिवसाची छायाचित्रे पुणेकरांस अजून आठवत असतील. अठ्ठेचाळीस वर्षांची इच्छा पुरी झाली, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले, आणि आम्हांसही आनंद झाला होता. परंतु ‘अग्निपंख’च्या त्या प्रसंगास ही गोष्ट जोडून वाचावयाची नाही. राष्ट्रपतीस विमानात नेतात. डेहराडूनला ज्याने नाव नोंदविले होते त्या तरुणाने पुन्हा परीक्षा दिली, असा त्याचा अर्थ होत नाही. पुस्तकात दुसऱ्या प्रयत्नाची गोष्ट नाही, आणि जे नाही ते भक्तीने भरून काढू नये. उरलेले आठ कोण, ते पुढे कोठे गेले, हेही पुस्तक सांगत नाही. त्यांच्यापैकी एखाद्याने आत्मचरित्र लिहिले असते, तर ते आम्ही अधिक उत्सुकतेने वाचले असते.

आमचा आप्त पुढील महिन्यात पुन्हा मंडळापुढे जाणार आहे. वैमानिकाचा मार्ग त्यास बंद असला तरी जमिनीवरील शाखांचा खुला आहे, आणि विमानाची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या अभियंत्याचे काम त्यास मनापासून आवडते. ह्या खेपेस निकाल काहीही लागला, तरी पुस्तक भेट देऊ नये, अशी विनंती त्याच्या मातोश्रींनी सर्व नातलगांस आधीच करून ठेवली आहे.